नऊशे वर्षांचा नायक चौकटीत कसा बसवायचा?

दौतकर

मंडळी, गेले आठ महिने मी आणि माझा एक चित्रकार मित्र मिळून एक कॉमिक करतोय. लेखन माझं, चित्रं त्याची. नायक अमर आहे. वय नऊशेच्या आसपास, नक्की आकडा त्यालाही आठवत नाही. जखमा भरून येतात, ताकद माणसापेक्षा बरीच जास्त. उडत नाही (उडणारी माणसं काढायचा मित्राला कंटाळा आहे, त्यामुळे तो विषय संपला).

पहिली बावीस पानं मी लिहून दिली. मित्राने वाचली आणि म्हणाला, "हा नऊशे वर्षांचा नाहीये रे. हा निवृत्त मुख्याध्यापक आहे, फक्त दंड जाड आहेत."

झोंबलं. पण पान सहा पुन्हा वाचलं तर त्याचं खरं होतं. इमारतीला आग लागली आहे. नुकतीच शक्ती मिळालेली एक मुलगी दार तोडून आत घुसायला निघते. नायक तिला अडवतो आणि चार चौकटी बोलतो. किती लढाया पाहिल्या, किती शहरं जळताना पाहिली, घाई हा तरुणांचा रोग आहे, वगैरे. लिहिताना भारी वाटलं होतं. आता वाटतं, तेवढ्यात तिसरा मजला खाली आला असता.

तर प्रश्न असा. अनुभव आणि शहाणपण चित्रात दिसतं कसं? संवादात घातलं की प्रवचन होतं. काढून टाकलं की हा इतर कुठल्याही मारामारीवाल्यासारखा. कोणी हे नीट केलेलं पाहिलंय का?

रात्रपाळी

"फक्त दंड जाड आहेत" :D मित्राला माझा नमस्कार सांगा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

जुनी_रद्दी

आमच्या पिढीचा अमर नायक म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. आणि गंमत म्हणजे तो अमर नव्हताच. ली फॉकने १९३६ साली त्याला आणला तेव्हापासून खुलासा हाच: हा एकविसावा. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलाला वाटतं चारशे वर्षं एकच माणूस फिरतोय.

आता त्याचा अनुभव कुठे असतो ते पाहा. कवटीच्या गुहेत जाडजूड वह्यांची रांग आहे. प्रत्येक वेताळाने आपली हकीकत स्वतःच्या हाताने त्यात लिहायची. अडलं की हा जाऊन बखर उघडतो. एका मर्त्य माणसाला चारशे वर्षांचा अनुभव वापरता येतो, कारण कोणीतरी तो लिहून ठेवलाय.

तुमच्या नायकाकडे वही आहे का? नसेल तर तो नऊशे वर्षांचा असूनही वेताळापेक्षा अडाणी आहे.

दौतकर

@जुनी_रद्दी, वही नाहीये. लिहिताना सुचलंच नाही. मी गृहीत धरलं की त्याला सगळं आठवतं.

कडेकडेने

त्या गृहीतातच घोळ आहे. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली फाइल नव्हे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणूस गोष्ट पुन्हा सांगताना ती नव्याने रचतो, अनोळखी तपशील गाळतो, ओळखीचे घुसवतो. नऊशे वर्षं तोच प्रसंग आठवणाऱ्या माणसाकडे काय उरेल? प्रसंगाची आठवण नाही, प्रसंगाच्या गोष्टीची आठवण.

दुसरं. वयस्क माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या सगळ्यांत जास्त निघतात. हे अभ्यासात वारंवार दिसलंय. तुमच्या नायकाला लावून बघा. पहिली तीस वर्षं लख्ख, मधली आठशे धुरकट, गेली दहा-वीस बरी. आईचा आवाज आठवतो, पण चौदाव्या शतकात आपण कुठे होतो ते नाही. चित्रकाराला सांगा, जुन्या आठवणी स्पष्ट रेषेत काढ आणि मधल्या पुसट. साधारणपणे उलटं करतात, जितकं जुनं तितकं पिवळट.

मोठ्या प्रकाशकांनी ही अडचण विस्मरणाने टाळली. मार्व्हलचा जखमा भरून येणारा वुल्व्हरिन आला १९७४ साली, पण त्याचं एकोणिसाव्या शतकातलं बालपण सविस्तर यायला २००१ उजाडलं. तोवर "माझा भूतकाळ मला आठवत नाही" यावर सगळं चाललं. २००५ मध्ये त्याला सगळं आठवलं. मग तो शहाणा झाला का? मला तरी फक्त जास्त चिडका वाटला.

मारधाड_प्रेमी

माझं स्पष्ट मत: कॉमिक मारामारीसाठी असतं. शहाणपण हवं असेल तर कीर्तनाला जा. नायक अमर आहे तर त्याला शंभर वेळा मारा आणि शंभर वेळा उठवा, वाचक खूश.

रात्रपाळी

@मारधाड_प्रेमी, तिसऱ्यांदा उठला की चौथ्यांदा भीती वाटत नाही ना पण. तिथेच मारामारी संपते.

ठिणगी

मला आगीच्या पानाबद्दलच बोलायचंय, कारण योगायोगाने उदाहरण बरोबर निवडलंय तुम्ही.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला. त्याला वाटलं होतं, हे लोक दोन पर्याय तोलून एक निवडत असतील. निघालं भलतंच. अनुभवी माणूस पर्याय तोलतच नाही. तो परिस्थिती ओळखतो आणि पहिली सुचलेली गोष्ट करतो. त्याच्या लिखाणातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एक प्रमुख घरातली आग विझवतोय, पाण्याचा काही परिणाम होत नाही. खोली प्रमाणाबाहेर तापलेली, आणि त्या मानाने आवाज कमी. त्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं आणि त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. लगेच जमीन खचली. खरी आग खाली तळघरात होती, हे त्याला माहीतच नव्हतं. आणि आता कळीचा मुद्दा: त्या माणसाला स्वतःला वाटत होतं की आपल्याकडे अतींद्रिय शक्ती आहे!

म्हणजे अनुभव आतून असा दिसतो. भाषण नाही, "बाहेर पडा" एवढंच. का, ते त्यालाही नंतर कळतं. तुमच्या नायकाला कारण सांगता येतंय, तिथेच तो नवशिका वाटतो.

पान सहासाठी: बंद खोलीत आग प्राणवायूअभावी दबलेली असते, तेव्हा दाराच्या फटीतून धूर बाहेर येतो आणि पुन्हा आत ओढला जातो, श्वास घेतल्यासारखा. ज्वाळा फार दिसत नाहीत. अशा वेळी दार उघडलं की हवा आत जाते आणि भडका बाहेर येतो. मुलगी ज्वाळा शोधतेय. नायक फटीकडे बघतोय. दोन चौकटी, शून्य शब्द.

सावळी

+१ ठिणगी, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

मला जरा वेगळं खटकतं. कॉमिक्समध्ये शहाणपण बहुतेक वेळा कमावलेलं नसतंच, आहेर म्हणून आलेलं असतं. पोराला सुपरहिरो करणारा शझॅम हा मंत्र १९४० पासून आहे, त्यातला पहिला 'एस' म्हणजे सॉलोमनचं शहाणपण. पोरगा मंत्र उच्चारतो की राजाची बुद्धी डोक्यात. तरी पुढच्या कित्येक लेखकांनी त्याला पोरकटच ठेवलं, कारण शहाणपण गंमतीच्या आड येतं. वंडर वुमनचंही तेच. १९४१ पासून "अथीनाइतकी शहाणी" असा गजर, पण ती माणसांच्या जगात येते तेव्हा कथेला हवी असते भोळी, सगळ्याचं नवल वाटणारी. शतकानुशतकं जगलेली आहे तिची आई हिपॉलिटा, आणि ती बेटावर मागे राहते.

अमर पुरुष आला की तो दाढीवाला गुरू. अमर बाई आली की ती एक तर निरागस, नाही तर चेटकीण. दौतकर, तुमच्या कथेत शिकवणारा तो आणि शिकणारी ती. मुद्दाम केलंय की सवयीने झालंय?

दौतकर

@सावळी, सवयीने. ऐकायला बरं वाटत नाही, पण सवयीनेच.

शून्यप्रहर

इथे सगळे अनुभव आणि शहाणपण एकाच मापाने मोजताहेत. जास्त जगला म्हणजे जास्त शहाणा हे ठरवलं कोणी?

सँडमॅन मालिकेतला हॉब गॅडलिंग आठवतोय का? सुपरहिरो नव्हे, साधा शिपाई. १३८९ साली एका खानावळीत बसून म्हणतो की मरण हा मूर्खपणा आहे, मी मरणार नाही. आणि खरंच मरत नाही. दर शंभर वर्षांनी त्याच जागी स्वप्नांच्या राजाला भेटतो. एका भेटीत श्रीमंत, पुढच्या भेटीत बायको-मुलगा गेलेले आणि अंगावर चिंध्या. त्याच्या पुढच्या भेटीत पुन्हा पैसेवाला, आणि हा पैसा गुलामांच्या व्यापारातला. चारशे वर्षं जगलेला, उपाशी राहिलेला, माणसं गमावलेला माणूस आणि धंदा हा! राजा त्याला सुनावतो तेव्हा कुठे पुढे त्याला त्याची लाज वाटते.

मला हे कोणत्याही ज्ञानी ऋषीपेक्षा खरं वाटतं. त्याला जगायचं कसं हे कळलंय, वागायचं कसं हे कळायला आणखी शंभर वर्षं लागतात. दौतकर, तुमच्या नायकाने नऊशे वर्षांत केलेली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट कोणती? ती माहीत नसेल तर लिहायला बसू नका.

खलपुरुष

नाव बघून कळलंच असेल मी कुठल्या बाजूचा.

अनुभवाचा नीट वापर करणारे अमर लोक मोजा. व्हँडल सॅव्हेज, १९४३ पासून, गुहेत राहणारा आदिमानव, उल्केमुळे अमर. रास अल गूल, १९७१ पासून, शतकं पाहिलेला. ॲपोकॅलिप्स, १९८६ पासून, प्राचीन इजिप्तमधला. तिघेही खलनायक.

माझं कारण: सुपरहिरो म्हणजे घटना घडल्यावर धावणारा. अनुभवी माणूस घटना घडायच्या आधी हालचाल करतो. आणि आधी हालचाल करायची तर इतरांच्या वतीने निर्णय घ्यावे लागतात. पन्नास पिढ्या त्याच चुका करताना पाहिल्यावर तुम्हाला लोकांना मत विचारावंसं वाटेल का? तिथून हुकूमशहा एक पायरीवर. म्हणून लेखक अमर नायकाला उदास करून डोंगरावर बसवतात. तो कामाला लागला तर खलनायक होईल अशी धास्ती असते.

तुमच्या नायकाला ही पायरी दिसते का?

कडेकडेने

@खलपुरुष, हे पटलं. त्यात किरकोळ भर, स्पॉयलर आहे: इटर्नल्स या अमर सुपरहिरोंची २०२१ ची मालिका. ते मेले की पुन्हा जिवंत होतात हे जुन्या वाचकांना नवीन नव्हतं. नवीन हे की प्रत्येक पुनर्जन्माच्या बदल्यात कुठेतरी एक सामान्य माणूस मरतो. त्यानंतर त्यांचं पराक्रमाने मरणंसुद्धा वाचकाला खुपायला लागतं.

मारधाड_प्रेमी

हे मात्र वाचायला हवं. (मारामारी आहे ना त्यात?)

ओळ_अनोळखी

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही. पुरातन पात्र आलं की ते "हे बालिके, धैर्य धारण कर" असं बोलतं. थॉरने इंग्रजीत हेच केलं. उत्तरेकडचा देव, पण बोलतो सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या नाटकासारखं. 'जुनं' म्हणजे 'भारदस्त' एवढंच समीकरण.

ज्ञानेश्वरी १२९० ची. ती उघडून पाहा, तिथली मराठी भारदस्त संस्कृत नाही, बोलकी, लवचीक आहे. आपल्याला कळत नाही ती काळामुळे. नऊशे वर्षांचा माणूस खरा त्याच्या लहानपणीच्या भाषेत बोलला तर समोरच्याला निम्मं कळणार नाही. म्हणून तो आजचं बोलेल, कदाचित पोरांपेक्षा सफाईने, कारण भाषा बदलत राहते हे तोच जाणतो. जुना शब्द निसटेल तो फक्त दचकल्यावर, झोपेत, किंवा मोजताना. मोजताना नक्की. माणसं आकडे सहसा पहिल्या भाषेतच मोजतात.

आगीच्या पानावर तो मनात काहीतरी मोजत असेल तर तेवढं जुन्या वळणाच्या अक्षरात द्या. वाचकाला कळलं नाही तरी चालेल.

चौकटबाह्य

अखेर कोणीतरी कॉमिकच्या अंगाने बोललं! बाकीचं सगळं कादंबरीतही करता आलं असतं.

कॉमिकमध्ये काळ म्हणजे जागा. डावीकडची चौकट आधी, उजवीकडची नंतर, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. १९८६-८७ च्या वॉचमेनमध्ये चौथ्या प्रकरणात डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर बसलाय. त्याला भूत-वर्तमान-भविष्य सगळं एकदम दिसतं, म्हणून प्रत्येक आठवण तो वर्तमानकाळात सांगतो. चौकटी एका काळातून दुसऱ्यात उड्या मारतात. मधे दुवा नाही, माफी नाही. वाचकाला थोडा वेळ त्याच्यासारखं दिसायला लागतं. तो शहाणा आहे असं कोणी म्हणत नाही.

दुसरा मार्ग विनोदाचा. फ्रिरेन या मांगाची, म्हणजे जपानी कॉमिकची, नायिका (सुपरहिरो नाही, चेटूक करणारी, हजार वर्षांहून मोठी) सोबत्यांबरोबर दहा वर्षं भटकते आणि तिच्या लेखी ते चुटकीसरशी संपतं. निरोप घेते, पन्नास वर्षांनी परत येते, तर नायक म्हातारा झालेला. तुमच्या कॉमिकमध्ये एका चौकटीच्या वर "थोड्या वेळाने" लिहा आणि चित्रात समोरच्या माणसाचे केस पांढरे दाखवा. कोणाचं "थोड्या वेळाने" आहे हे वाचकाला आपोआप कळेल.

जुनी_रद्दी

"थोड्या वेळाने" वर टोपी काढली.

जाता जाता, आपल्याकडे हा प्रश्न एकाने फार पूर्वी सोडवलाय. समुद्रकिनारी वानरसेना बसलीय, शंभर योजनं उडी मारायची आहे. जांबवंत सगळ्यांत वडील. तो म्हणतो, तरुणपणी माझी गोष्टच वेगळी होती, आता मी नव्वद योजनं जाईन. दहा कमी. मग तो भाषण करतो, पण स्वतःबद्दल नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या हनुमंताला तो कोण आहे याची आठवण करून देतो.

सावळी

हे भारी आहे. नव्वद! स्वतःचा आकडा अचूक माहीत असणं.

मीच_तो

माझा खोडसाळ मुद्दा. सुपरहिरो सगळेच अमर आहेत. कित्येक दशकं गेली, एकाचंही वय पुढे सरकलं नाही. इटालियन लेखक उम्बेर्तो एकोने १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिताना हेच मांडलं होतं: नायकाने काही केलं की तो थोडा 'खर्च' होतो, मरणाकडे सरकतो, आणि प्रकाशकाला ते परवडत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट मागच्या गोष्टीचा हिशेब पुसून सुरू होते. ज्याला काही शिकायची परवानगीच नाही तो अनुभवी कसा होणार?

तुमचा नायक अमर असूनही शिकू शकतो, कारण तुमची मालिका कधीतरी संपणार आहे. किती भागांची ते आधी ठरवा.

दौतकर

सहा भाग. मीच_तो यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री ठरवलं. मित्र म्हणाला, देवाची कृपा.

ठिणगी

अजून एक, मग थांबते. अंतःप्रेरणेवर विश्वास कधी ठेवावा यावर क्लाइन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. दोघांची मतं आधी विरुद्ध होती, म्हणून तो वाचण्यासारखा. निष्कर्ष साधारण असा की परिस्थिती नियमाने चालणारी हवी आणि चुकलं तर ते लगेच कळायला हवं. तसं नसेल तर अनुभवी माणूस तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो.

आता आग. दाराच्या फटीतला धूर शेकडो वर्षांपूर्वी जसा वागायचा तसाच आज वागतो. पण खोलीतलं सामान तेच राहिलं नाही. जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान आणि आजचं फोम-प्लास्टिकचं, अशा दोन खोल्या पेटवून तुलना झाली आहे. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला, नवी पाच मिनिटांच्या आत. तुमचा नायक मनात जे मोजतोय ना, तो आकडा चुकीचा आहे. त्याने असंख्य आगी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या जुन्या.

शून्यप्रहर

@ठिणगी, तुम्हीच का लिहीत नाही हे कॉमिक?

दौतकर

मंडळी, बारा दिवसांनी परत आलो. पान सहा पुन्हा केलं, शब्दांत सांगतो.

पहिली चौकट: मुलगी दाराकडे धावतेय. दुसरी: नायक, इमारतीकडे पाठ केल्यासारखा, मान खाली. तिसरी: दाराची फट, धूर बाहेर. चौथी: तीच फट, धूर आत. पाचवी: त्याचा हात तिच्या कॉलरवर. सहावी: दार उडतं, दोघं जमिनीवर. आतापर्यंत एकही फुगा नाही.

मग पान सात. तो मोजायला लागतो. ओळ_अनोळखींनी सांगितल्याप्रमाणे जुन्या वळणाची अक्षरं, मित्राने त्यासाठी तीन दिवस घालवले. चेहरा शांत, त्याच्या हिशेबाने वेळ आहे. मुलगी ओरडते, "वेळ नाहीये!" तो मोजतच राहतो. वरच्या मजल्याच्या खिडक्या एकाच चौकटीत सगळ्या पिवळ्या होतात. पुढच्या चौकटीत कॉलर त्याची आहे आणि हात तिचा.

वरच्या मजल्यावर कोणी होतं की नाही हे अजून ठरलेलं नाही. मित्र म्हणतो असायला हवं. मला धीर होत नाहीये.

भाषण पूर्ण गेलं. एकच वाक्य उरलं, पान आठवर. ती विचारते, "तुम्हाला दाराचं कसं कळलं?" तो म्हणतो, "मी एकदा उघडलं होतं."

शून्यप्रहर

ही ती लाजिरवाणी गोष्ट का?

दौतकर

हो. दाराच्या आत कोण होतं ते पाचव्या भागात.

जुनी_रद्दी

आणि वही?

दौतकर

पान अकरा. कोरी आहे. ती त्याच्या हातात देते.